पाच रिमोटांच्या जागी एक

हा लेख वाचण्यापूर्वी एक छोटेसे काम करा. उठा आणि तुमच्या घरात रिमोट किती आहेत ते मोजून या. टीव्हीचा, सेट-टॉप बॉक्सचा, असल्यास एसीचा, आणि अलीकडे छताच्या पंख्याचाही. आमच्या भुसावळला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे पंखा, कूलर, एसी या विषयावर आम्ही मंडळी जरा हळवी आहोत. माझ्या घरी चार रिमोट निघाले. शेजारच्या काकांकडे पाच.

हे काका रेल्वेत गार्ड होते. आता या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, हा बदल २०२२ सालचा. काका त्याच्या कितीतरी आधी निवृत्त झाले. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. बोटेही आता पूर्वीसारखी स्थिर राहिली नाहीत. संध्याकाळी बातम्या लावायला जावे आणि चुकीचे बटण दाबले जाऊन पडदा निळा पडावा, असे आठवड्यातून दोनतीनदा होते. मग काकू खिडकीतून कोणाला तरी हाक मारतात. ज्या माणसाने तीस वर्षे मालगाड्या सुखरूप पोचवल्या त्याला टीव्ही लावण्यासाठी सातवीतल्या मुलाला बोलवावे लागते, याचे काकांना फार वाईट वाटते.

त्यांचा मुलगा पुण्याला असतो. त्याने सुचवले की पडदा असलेला, घरातली सर्व उपकरणे चालवणारा भारी युनिव्हर्सल रिमोट घेऊ. किंमत पंधरा हजारांच्या आसपास. काका मला म्हणाले, "सर, तुम्ही फिजिक्स शिकवता. सांगा बरं, पैसे घालू का?"

मी लगेच उत्तर दिले नाही. रिमोट काय करतो आणि काय करू शकत नाही हे आधी पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. तेच आपण येथे पाहू.

रिमोट काय बोलतो?

रिमोटच्या टोकाला वाटाण्याएवढा एक डायोड असतो. बटण दाबले की त्यातून प्रकाश बाहेर पडतो, पण तो आपल्याला दिसत नाही. आपला डोळा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाहतो. रिमोटचा प्रकाश असतो सुमारे ९४० नॅनोमीटरचा, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा. यालाच अवरक्त प्रकाश म्हणतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातील संवेदकाला मात्र तो दिसतो. रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यावर बहुधा अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी बसवलेली असते, म्हणून पुढचा कॅमेरा वापरायचा.

आता तुम्ही विचाराल, उन्हातही अवरक्त किरण असतात, बल्बमध्येही असतात, मग टीव्हीला रिमोटचा प्रकाश ओळखू कसा येतो? याचे उत्तर काकांनी माझ्याआधी दिले. भुसावळच्या यार्डात रात्री शेकडो दिवे असतात. त्यांत गार्डाच्या हातातला दिवा कसा ओळखायचा? तो हलतो म्हणून! स्थिर दिव्यांच्या गर्दीत हलणारा दिवा नजरेला चटकन सापडतो.

रिमोट अगदी हेच करतो. त्याचा डायोड सलग पेटत नाही, तो सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा उघडझाप करतो. म्हणजे त्याची कंप्रता ३८ किलोहर्ट्झ असते. काही कंपन्या ३६ किंवा ४० किलोहर्ट्झ वापरतात. टीव्हीतला संवेदक फक्त या कंप्रतेच्या आसपासच्या उघडझापेकडे लक्ष देतो. ऊन स्थिर असते आणि विजेचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, म्हणून दोन्हीकडे तो दुर्लक्ष करतो. अर्थात याला मर्यादा आहे. पश्चिमेच्या खिडकीतून तिरपे ऊन थेट संवेदकावर पडले तर तो दिपून जातो, आणि मे महिन्यात दुपारी चार वाजता रिमोट चालत नाही अशी तक्रार सुरू होते. रिमोट दुरुस्तीला नेण्यापूर्वी पडदा ओढून पाहावा.

या उघडझापेवर संदेश कसा बसवतात? एक फार प्रचलित पद्धत घेऊ. तिला एनईसी संकेत म्हणतात. सुरुवातीला ९ मिलिसेकंद सलग उघडझाप, मग ४.५ मिलिसेकंद शांतता. हे म्हणजे "लक्ष द्या" असे सांगणे. नंतर ३२ बिट येतात. प्रत्येक बिटात आधी ०.५६२५ मिलिसेकंदाचा स्पंद असतो, म्हणजे साधारण २१ उघडझापा, आणि त्यानंतर शांतता. शांतता तेवढीच म्हणजे ०.५६२५ मिलिसेकंद असेल तर तो बिट शून्य. तिप्पट असेल तर एक. सगळा भेद शांततेच्या लांबीत.

या ३२ बिटांपैकी पहिले ८ म्हणजे उपकरणाचा पत्ता. पुढचे ८ तोच पत्ता उलटा करून, म्हणजे शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य. नंतर ८ बिट आज्ञेचे, आणि शेवटचे ८ आज्ञा उलटी करून. तेच दोनदा सांगितल्यामुळे चूक झाली तर लगेच पकडता येते. शिवाय एक गंमत होते. आज्ञा कोणतीही असो, ३२ बिटांत शून्ये बरोबर १६ आणि एक १६ येतात. शून्याला १.१२५ मिलिसेकंद आणि एकाला २.२५ मिलिसेकंद लागतात. तेव्हा गणित करून पाहा: ३२ बिटांना लागणारा वेळ नेहमीच ५४ मिलिसेकंद. सुरुवातीचे १३.५ आणि शेवटचा एक छोटा स्पंद धरला की सगळा संदेश सुमारे ६८ मिलिसेकंदांत संपतो. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

पत्ते २५६ आणि प्रत्येक पत्त्यावर आज्ञा २५६, असे एकूण ६५,५३६ संदेश होऊ शकतात. येथेच युनिव्हर्सल रिमोटचे मूळ आहे. हे संदेश गुप्त नसतात. त्यांना कुलूप नसते. कोणाचा डायोड लुकलुकतो आहे याच्याशी टीव्हीला कर्तव्य नाही, संकेत बरोबर असला की झाले. म्हणून ज्याच्याजवळ संकेतांची यादी आहे तो रिमोट कोणाचाही टीव्ही चालवू शकतो.

घट कशाने संपतात?

येथे थोडे विषयांतर करतो, कारण पुढे खर्चाचा विचार करताना त्याचा उपयोग आहे. एका संदेशात डायोडला किती विद्युतभार लागतो? वरच्या पद्धतीत प्रत्यक्ष उघडझाप चालते ती ९ मिलिसेकंद अधिक ३३ स्पंद गुणिले ०.५६२५, म्हणजे सुमारे २७.६ मिलिसेकंद. उघडझापेत डायोड साधारण एक तृतीयांश वेळच पेटलेला असतो असे धरले, तर पेटलेला वेळ ९.२ मिलिसेकंद. प्रवाह १०० मिलिअँपिअर धरू. तेव्हा भार झाला ०.०००९२ कूलोम.

समजा, रिमोटमधल्या साध्या घटाची क्षमता ४०० मिलिअँपिअर-तास आहे. म्हणजे ०.४ गुणिले ३,६०० बरोबर १,४४० कूलोम. भागाकार करा. पंधरा लाखांहून जास्त वेळा बटण दाबता येईल! दिवसाला २०० वेळा दाबले तरी एकवीस वर्षे. आतल्या चिपलाही थोडा प्रवाह लागतो, बटण दाबून धरले की संदेश पुन्हा पुन्हा जातो, म्हणून हा आकडा निम्मा करा, पाव करा. तरी घट पाच वर्षे टिकायला हवेत. प्रत्यक्षात ते वर्षा-दोन वर्षांत का जातात? बहुतेक वेळा ते वापराने संपत नाहीत, पडून राहून आतल्या आत खंगतात आणि फुटून गळतात. आमच्याकडच्या उष्णतेत ही रासायनिक झीज अधिकच वेगाने होते. रिमोटची कमान गंजून हिरवी होते ती यामुळे. वर्षातून एकदा झाकण उघडून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

आता पडदा असलेल्या भारी रिमोटचा विचार करा. त्याचा पडदा उजळायचा, रेडिओ चालू ठेवायचा, हातात घेताच जागे व्हायचे. याला लागणारा भार या हिशेबाच्या कितीतरी पट असतो. म्हणून असे रिमोट मोबाइलसारखे भारित करावे लागतात. भारित करायला विसरलात की रात्री नऊच्या बातम्यांच्या वेळी पाचही उपकरणे एकदम मुकी.

थोडा इतिहास

दुरून यंत्र चालवण्याची कल्पना टीव्हीपेक्षा जुनी आहे. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कला रेडिओ लहरींनी चालणारी छोटी होडी लोकांना दाखवली होती. टीव्हीसाठी झेनिथ या अमेरिकन कंपनीने १९५० मध्ये तारेचा रिमोट काढला. लोक तारेत अडखळू लागले. १९५५ मध्ये त्याच कंपनीतील युजीन पॉली यांनी प्रकाशाचा रिमोट केला. संचाच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशघट, त्यांच्यावर विजेरीसारखा झोत टाकायचा. पण ऊन पडले की टीव्ही आपोआप चालू! साध्या प्रकाशाला उघडझापेची ओळख दिलेली नव्हती ना. मग १९५६ मध्ये रॉबर्ट ॲडलर यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या दांड्यांवर हातोडी मारून श्राव्यातीत ध्वनी काढणारा रिमोट बनवला. त्याला घट लागतच नसत.

आपल्याकडे रिमोटची गरज उशिरा भासली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण पुढे कित्येक वर्षे वाहिनी एकच किंवा फार तर दोन. बदलायचे काय? १९९१-९२ नंतर केबलवर वाहिन्यांची गर्दी झाली तेव्हा रिमोट घराघरांत आला. पुढे केबलचे डिजिटलीकरण झाले, शेवटच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ होती, आणि प्रत्येक टीव्हीजवळ एक पेटी व तिचा दुसरा रिमोट आला.

अलीकडची भर पंख्याची. मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या ॲटमबर्ग कंपनीने ब्रश नसलेल्या मोटरचे पंखे लोकप्रिय केले. साधा पंखा पूर्ण वेगाला ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, हे पंखे २८ ते ३५ वॅट. त्यांच्या आत इलेक्ट्रॉनिक मंडल असतेच, तेव्हा त्याला अवरक्त संवेदक जोडणे स्वस्तात जमते. वीज वाचली ती खरीच, पण घरात आणखी एक रिमोट वाढला.

महागडा रिमोट अधिक काय देतो?

युनिव्हर्सल रिमोट तीन प्रकारांनी संकेत मिळवतात. स्वस्तातला, शंभर-दोनशे रुपयांचा रिमोट आत यादी घेऊनच येतो. बटण दाबून धरले की तो एकामागून एक संकेत फेकत जातो, आणि टीव्ही बंद झाला की आपण थांबायचे. दुसरा प्रकार शिकाऊ रिमोट. जुना आणि नवा रिमोट तोंडाला तोंड लावून ठेवायचे, जुन्याचे बटण दाबायचे, नवा तो संकेत टिपून घेतो. हे करताना दोन्हींमध्ये दोनचार सेंटिमीटरच अंतर ठेवावे आणि उन्हापासून दूर बसावे. तिसरा म्हणजे महागडा. तो इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकातील प्रचंड यादीतून तुमच्या उपकरणांचे संकेत उतरवून घेतो.

महागड्याची खरी करामत मात्र यादीत नाही. "चित्रपट पाहा" असे एक बटण दाबले की टीव्ही चालू, ध्वनिक्षेपक चालू, योग्य जोडणी निवडणे ही सगळी कामे तो ओळीने करतो. ऐकायला छान. पण येथे एक मूलभूत अडचण आहे, आणि पंधरा हजारांच्या प्रश्नाचा बराचसा निकाल तिच्यावरच लागतो.

गार्डाने हिरवा दिवा दाखवला की ड्रायव्हर शिटी देतो. शिटी ऐकू आली म्हणजे दिवा दिसला याची खात्री. साध्या अवरक्त रिमोटमध्ये ही शिटी नाही. रिमोट बोलतो, पण त्याला कान नाहीत. टीव्हीने आज्ञा पाळली की नाही हे त्याला कधीच कळत नाही. त्यातून बहुतेक उपकरणांना चालू आणि बंद यांसाठी एकच संकेत असतो. चालू असले तर बंद, बंद असले तर चालू. आता समजा, टीव्ही आधीच चालू आहे आणि तुम्ही "चित्रपट पाहा" दाबले. ध्वनिक्षेपक चालू होईल आणि टीव्ही बंद! महागडा रिमोट यावर एवढेच करतो की मागच्या वेळी आपण काय पाठवले होते ते लक्षात ठेवतो. पण मध्येच कोणी आडवे गेले आणि एक संकेत अडला, किंवा कोणी टीव्हीचे मूळ बटण दाबले, की त्याची आठवण आणि वस्तुस्थिती यांची फारकत होते.

एसीच्या बाबतीत हे आणखी मजेदार आहे. एसीच्या रिमोटवर "एक अंश वाढवा" अशी आज्ञा बहुधा नसतेच. तुम्ही बटण दाबले की रिमोट सगळी परिस्थिती पाठवतो: चालू, थंड करणे, २५ अंश, पंखा मध्यम, पाते हलते. म्हणून एसीचा संदेश लांब असतो, काहींचा तर शंभर बिटांहूनही मोठा. रिमोटच्या पडद्यावर जो आकडा दिसतो तो एसीने सांगितलेला नसतो, तो रिमोटच्याच मनातला असतो. दोन रिमोट वापरणाऱ्या घरात एकावर २४ आणि दुसऱ्यावर २० दिसतात ते यामुळे. (२०२० च्या १ जानेवारीपासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या खोलीच्या एसींना सुरुवातीचे तापमान २४ अंश ठेवावे लागते, वीज वाचवण्याच्या दृष्टीने तेच ठेवणे चांगले.) शिकाऊ रिमोटला एसी शिकवायला गेलात तर तुम्ही एक बटण शिकवत नाही, एक संपूर्ण अवस्था शिकवता. "चालू, २५ अंश" ही एक अवस्था आणि "बंद" ही दुसरी एवढेच शिकवले तर उत्तम चालते. त्याहून अधिकाची हाव धरू नये.

शिकाऊ रिमोटची आणखी एक खोड सांगून ठेवतो. फिलिप्सने रूढ केलेल्या आरसी-५ या संकेतात १४ बिट असतात. त्यांतला एक बिट प्रत्येक नव्या दाबाला उलटतो. त्यावरून टीव्हीला कळते की बटण दाबून धरले आहे की सोडून पुन्हा दाबले आहे. शिकाऊ रिमोटने मात्र एकच दाब टिपलेला असतो, तो बिट कायमचा गोठतो. मग तुम्ही ११ क्रमांकाच्या वाहिनीसाठी १ दोनदा दाबले तरी टीव्ही एकदाच दाबले असे समजतो. माझ्याच घरी या कोड्याने माझे दोन दिवस खाल्ले. रिमोटला नावे ठेवून झाली, घट बदलून झाले, आणि शेवटी लक्षात आले की दोष एका बिटाचा आहे.

बरे, आणि सर्व उपकरणे अवरक्त प्रकाशाने चालतात असेही आता राहिलेले नाही. टीव्हीच्या मागे खोचायच्या इंटरनेटच्या काड्या बहुधा ब्लूटूथवर, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतात. तेथे रिमोट आणि उपकरण यांची आधी ओळख करून द्यावी लागते आणि पुढचे बोलणे कूटभाषेत चालते. ते ऐकून नक्कल करता येत नाही. अवरक्त युनिव्हर्सल रिमोट, मग तो कितीही भारी असो, अशा काडीपुढे निरुपयोगी ठरतो.

दूरच्या यादीचा धोका

महागड्या रिमोटांत सर्वांत नावाजलेला होता हार्मनी. कॅनडातील एका छोट्या कंपनीने तो काढला, २००४ मध्ये लॉजिटेकने ती कंपनी विकत घेतली. त्याचा एलिट नावाचा नमुना २०१५ मध्ये ३५० डॉलरला मिळत असे, त्या वेळच्या दराने सुमारे २३ हजार रुपये. ज्यांच्या घरी सहा-सात उपकरणांचा संच होता त्यांचा तो लाडका होता, आणि तो काम चांगले करीत असे. तरीही एप्रिल २०२१ मध्ये लॉजिटेकने हे रिमोट बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. घेतलेल्यांना सेवा देत राहू, असे कंपनीने तेव्हा सांगितले. पण नवे उपकरण जोडायचे तर कंपनीच्या संगणकातली यादी लागते, आणि ती यादी किती वर्षे सांभाळायची हे ठरवणे आपल्या हातात नसते. दुसरे उदाहरण अधिक कठोर आहे. घरातील उपकरणे चालवणारी रिव्हॉल्व नावाची ३०० डॉलरची पेटी होती. तिची मालकी नेस्ट कंपनीकडे गेली आणि मे २०१६ मध्ये तिचा दूरचा संगणक बंद करण्यात आला. लोकांच्या घरातली पेटी शाबूत होती, फक्त तिचा उपयोग शून्य झाला होता.

साध्या रिमोटला असा धोका नाही. त्याचे ६५,५३६ संदेश त्याच्यापाशीच असतात. वादळात वीज गेली, परत आली, तर इंटरनेटची पेटी जागी होईपर्यंत थांबावे लागत नाही.

काकांच्या घरी

एका रविवारी मी मोबाइल घेऊन काकांकडे गेलो. पाचही रिमोट ओळीने मांडले आणि पुढच्या कॅमेऱ्यासमोर एकेकाचे बटण दाबले. चारांचा ठिपका दिसला, पाचवा, इंटरनेटच्या काडीचा, काळाच राहिला. म्हणजे पंधरा हजारांचा अवरक्त रिमोटही "सर्व" उपकरणे चालवणार नव्हता. मुलाला फोन लावला. तो म्हणाला, रेडिओवाली आवृत्ती घेऊ, पण ती काडी तिच्या यादीत आहे की नाही हे त्यालाही नीट सांगता येईना.

मग मी काकांना विचारले, तुम्ही दिवसभरात कोणती बटणे दाबता? हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. बोटांवर मोजली: चालू-बंद, आवाज कमीजास्त, वाहिनी मागेपुढे. पाच. त्यांच्या दोन रिमोटांवर मिळून नव्वदच्या वर बटणे होती, आणि पडदा निळा पडत होता तो जोडणी बदलणाऱ्या एका बटणामुळे.

टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स एचडीएमआय तारेने जोडलेले असतील तर आणखी एक फुकटची सोय आहे. या तारेतल्या १३ क्रमांकाच्या टोकावरून उपकरणे एकमेकांशी बोलू शकतात. २००२ मध्ये हे मानक आले तेव्हापासून ही सोय त्यात आहे. हिचे नाव सीईसी. पण सॅमसंग तिला ॲनीनेट म्हणते, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक, म्हणून ती एकच गोष्ट आहे हे लोकांना कळत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू केली की एक उपकरण चालू होताच दुसरेही जागे होऊ शकते, आणि तेथे ड्रायव्हरची शिटीही असते, कारण हे बोलणे दोन्ही बाजूंनी चालते. काकांची पेटी मात्र जुन्या तीन रंगांच्या तारांनी जोडलेली होती. तेव्हा हा मार्ग बंद.

शेवटी आम्ही मोठ्या बटणांचा साधा शिकाऊ रिमोट आणला. काही शे रुपयांत आला. चालू-बंदचे बटण टीव्हीकडून आणि वाहिनीची दोन पेटीकडून शिकवली. आवाज टीव्हीकडून शिकवला, पेटीचा आवाज एकदाच वर नेऊन तेथेच ठेवला. पेटी कायम चालू राहते, त्यामुळे थोडी वीज जाते. हा तोटा मला मान्य आहे, पण चालू-बंदचा घोटाळा टाळायला दुसरा सोपा उपाय दिसला नाही. जोडणी बदलणारे बटण शिकवलेच नाही. काडीचा रिमोट मुलगा येईल तेव्हासाठी कपाटात. एसीच्या रिमोटवर "चालू" आणि "बंद" एवढी दोन ठिकाणे लाल नखपॉलिशने रंगवली. ही कल्पना काकूंची.

तर मग महागडा रिमोट कधीच घेऊ नये का? माझे मत असे: ज्याच्याकडे टीव्ही, वेगळा ध्वनिक्षेपक, चकतीवाचक, प्रक्षेपक असे पाचसहा नग एकत्र चालतात, त्याने घ्यावा, मात्र तो दहा वर्षे चालेल असे धरू नये. ज्याचे हात अधू झाले आहेत आणि ज्याला आवाजाने पंखा लावता येणे ही चैन नसून गरज आहे, त्याच्यासाठी इंटरनेटला जोडलेली अवरक्त पेटी खरोखर मोलाची ठरते. टीव्ही, पेटी आणि पंखा एवढेच असलेल्या घरी पंधरा हजार घालणे मला पटत नाही. काही मोबाइलांत वरच्या कडेला अवरक्त डायोड असतो, तुमच्या घरच्या मोबाइलात तो असेल तर युनिव्हर्सल रिमोट तुमच्या खिशातच आहे.

तुम्ही करून पाहा

रिमोट टीव्हीकडे पाठ करून भिंतीकडे धरा आणि दाबा. पांढऱ्या भिंतीवरून चालतो का? काळ्या कापडावरून? रिमोटसमोर काळसर शीतपेयाचा पेला धरा. आरपार दिसत नसले तरी टीव्ही चालेल, कारण तो काळा रंग आपल्या डोळ्यांपुरता आहे. कोऱ्या चहाचे काय होते ते मला न सांगता तुम्हीच ठरवा.

शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर शिक्षकांकडून तीन पायांचा १७३८ किंवा १८३८ क्रमांकाचा अवरक्त संवेदक मागून घ्या. तीन घटांचे साडेचार व्होल्ट द्या, आणि धन टोक व संवेदकाचे निर्गम टोक यांच्यामध्ये एक तांबडा एलईडी आणि १,००० ओहमचा रोध ओळीने जोडा. दोन्ही क्रमांकांच्या पायांची रचना सारखी नसते, ती आधी तपासा. रिमोट दाबला की एलईडी लुकलुकेल.

संदेश ऐकायचाही असेल तर अंगणातल्या सौर दिव्यातून काढलेला छोटा सौरघट ध्वनिवर्धकाच्या माइकच्या जागी जोडा आणि त्याच्यावर रिमोट रोखा. घरघर ऐकू येईल. ३८ किलोहर्ट्झ आपल्या कानाच्या पलीकडे आहे, ऐकू येते ती स्पंद आणि शांतता यांची ओळ. टीव्हीच्या आणि एसीच्या रिमोटची घरघर वेगळी का वाटते, हे वरच्या मजकुरावरून सांगता येईल. गणकयंत्रातला सौरघट मात्र या प्रयोगाला चालत नाही. तो वेगळ्या प्रकारच्या सिलिकॉनचा असतो आणि ९४० नॅनोमीटरच्या प्रकाशाला दादच देत नाही. आमच्या महाविद्यालयात पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा नेमका तोच घट घेतला होता, आणि अर्धा तास आम्ही ध्वनिवर्धकच उघडून बसलो होतो.